लेण्यांतला हिशेब: धम्म, व्याज आणि राजसत्ता

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या विहारात एक हिशेब कोरलेला आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने राजवर्ष 42 मध्ये 3,000 कार्षापणे गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिली. एकीकडे 2,000, दरमहा शेकडा एक दराने; दुसरीकडे 1,000, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत मागायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 होते आणि लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना त्यातून प्रत्येकी 12 कार्षापणे चीवरासाठी मिळायची. गणित चोख जुळते. दुसऱ्या ठेवीचे 90 किरकोळ खर्चाला. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरातल्या व्यापारी मंडळींच्या सभेत, जाहीर केला गेला आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदवला गेला, हेही तिथेच लिहिले आहे.

यात कोण कोण आहे ते बघा. देणारा शक, म्हणजे परक्या वंशातला. हाच उषवदात त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात सांगतो की आपण तीन लाख गायी दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिली, वर्षाला एक लाख ब्राह्मणांना जेवू घालतो. (आकड्यांत राजघराण्याचा उत्साह धरून चालावे.) पैसा ठेवला विणकरांकडे, लाभ बौद्ध भिक्षूंना, नोंद नगराच्या दप्तरी. जन्म आणि देश न विचारता सगळ्यांना उद्देशून बोलणारी नीती, अनोळखी माणसांमधला पैशाचा व्यवहार आणि राज्य करण्याचा हक्क या तीन गोष्टी इतक्या मोजक्या ओळींत एकत्र आलेल्या क्वचितच सापडतात.

या तिघांचे नाते काय, यावर गेली शंभर वर्षे वाद चालू आहे. गंमत अशी की जगाच्या इतिहासाबद्दल मोठमोठे सिद्धान्त मांडणाऱ्यांनी सह्याद्रीतली ही लेणी फारशी वाचली नाहीत, आणि ज्यांनी ती अक्षर अन् अक्षर वाचली त्यांनी मोठ्या सिद्धान्तांच्या वाटेला जायचे टाळले.

सिद्धान्तांपासून सुरुवात करू. माक्स वेबरने 1916–17 मध्ये हिंदू आणि बौद्ध धर्मांवर लिहिताना मूळ बौद्ध धर्म हा राजकारणापासून आणि अर्थकारणापासून तोंड फिरवलेला, संसार सोडणाऱ्यांचा धर्म ठरवला. गृहस्थासाठी त्यात ठोस आचारधर्म नाही, असा त्याचा निष्कर्ष. कार्ल यास्पर्सने 1949 मध्ये इसवी सनापूर्वी 800 ते 200 या काळाला मानवी विचाराचा आस म्हटले: ग्रीस, इस्रायल, इराण, भारत, चीन इथे माणसे टोळीच्या आणि कुळाच्या पलीकडे जाऊन विचार करू लागली. का करू लागली, याचे उत्तर त्याने दिले नाही. ते डेव्हिड ग्रेबर या मानववंशशास्त्रज्ञाने 2011 मध्ये कर्जाच्या इतिहासावरच्या ग्रंथात दिले. त्याच्या मते नाणी बाजारासाठी नव्हे तर सैन्याला पगार देण्यासाठी निघाली. नाणी, भाडोत्री फौजा आणि गुलामगिरी ही एकच यंत्रणा होती. आणि सर्वांना सारखे लेखणारे धर्म हे त्या यंत्रणेला मिळालेले उत्तर होते. बाजार म्हणाला, सगळे विकत घेता येते. धर्म म्हणाला, खरे ते विकत घेता येत नाही.

ग्रेबरची मांडणी आकर्षक आहे आणि मगधापुरती ती बरीच पटते. मगधाचे राज्य सैन्याच्या आणि आहत नाण्यांच्या जोरावर वाढले, आणि बुद्ध नेमका तिथेच फिरला. पण दख्खनमध्ये ती अडखळते. सातवाहनांची बहुतेक नाणी शिशाची आणि पोटीनची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची. ही मोड बाजारात भाजी, तेल, मडकी घेण्याच्या कामाची. तिच्याकडे बघून आठवडी बाजार आठवतो, छावणी नाही. शिवाय इथे धर्म बाजाराच्या विरोधात उभा राहिलेला दिसत नाही, त्याची ठेव बाजारातच आहे. वेबरचे म्हणणे तर पाली ग्रंथांपुढेच टिकत नाही. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावे, एक उपभोगावा, दोन धंद्यात घालावे, एक अडीअडचणीसाठी राखावा, असा सरळ व्यवहारी सल्ला आहे. निम्मी मिळकत पुन्हा धंद्यात घालायला सांगणाऱ्या धर्माला संसाराची पर्वा नव्हती असे म्हणणे कठीण आहे.

मग ही नीती सर्वांसाठी होती, म्हणजे नेमकी कुणाकुणासाठी?

तिचा राजकीय जाहीरनामा अशोकाचा. त्याच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये मुंबईजवळच्या सोपाऱ्याला सापडला, नवव्याचा 1956 मध्ये तिथेच. म्हणजे अपरान्ताच्या या बंदरात उतरणाऱ्या माणसालाही अशोकाचा धम्म वाचायला मिळत होता. त्या धम्मात कुठल्याही एका पंथाचे तत्त्वज्ञान नाही. आईवडिलांची सेवा, दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, ब्राह्मण आणि श्रमण दोघांनाही दान, प्राण्यांची हत्या टाळणे, थोडा खर्च आणि थोडा साठा, दुसऱ्याच्या पंथाची निंदा न करणे. तेराव्या लेखात तो कलिंगातल्या संहाराबद्दल खेद व्यक्त करतो आणि सिरिया, इजिप्त, मॅसिडोनिया इथल्या ग्रीक राजांपर्यंत धम्म पोचवल्याचे सांगतो. रोमिला थापर यांनी 1961 मध्ये हा धम्म बौद्ध धर्म नव्हे, तर निरनिराळ्या जनसमूहांचे साम्राज्य एकत्र बांधण्यासाठी घडवलेली सामाजिक नीती आहे, असे मांडले. पुढे त्यावर आक्षेप आले, अशोकाची वैयक्तिक श्रद्धा त्यात हरवते असे म्हटले गेले. मला दोन्ही खरे वाटते आणि त्यात विरोध दिसत नाही. श्रद्धाळू राजालाही राज्य चालवावे लागते. पण दासांशी नीट वागा म्हणणारा अशोक दास ठेवू नका असे म्हणत नाही, याकडे लक्ष दिले पाहिजे.

खुद्द संघाच्या दारातही हीच रेघ ओढलेली आहे, आणि ती विनयपिटकात जितकी स्पष्ट आहे तितकी कुठल्याच आधुनिक भाष्यात नाही. संघ कुठल्याही वर्णाच्या माणसाला घेतो, आत गेल्यावर जात उरत नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि ते खरे आहे. पण महावग्गात कोणाला प्रव्रज्या देऊ नये याचीही यादी आहे. राजाचा सैनिक नको. सीमेवरच्या बंडाळीवर निघालेले मगधाचे काही सैनिक हिंसेला कंटाळून भिक्षू झाले, तेव्हा बिंबिसाराने बुद्धाकडे तक्रार केली आणि हा नियम झाला. कर्जदार नको. एक ऋणको भिक्षू झाला. सावकारांनी त्याला ओळखले, पण भिक्षूंना कोणी हात लावू नये असे बिंबिसाराचे फर्मान असल्यामुळे त्यांना काही करता येईना. लोक कुरकुरू लागले आणि हा नियम झाला. दास नको, कारण तो मालकाचा.

हा सगळा प्रसंग आपल्या विषयाचे सार आहे. राजाने संघाला अभय दिले आणि बदल्यात संघाने राजाचे सैन्य, सावकाराचे येणे आणि मालकाचा दास यांना हात लावायचा नाही असे मान्य केले. नीती सर्वांसाठी, पण ज्याच्यावर दुसऱ्याचा हक्क आहे त्याच्यासाठी तो हक्क सुटेपर्यंत नाही. बुद्धाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ही तडजोड केली नसती तर संघ एका पिढीत चिरडला गेला असता. पण या तडजोडीची किंमत कोण भरत होते, हा प्रश्न पुढच्या पाचशे वर्षांच्या लेखांत सतत डोके वर काढतो.

आता व्यापार. पेरिप्लस हे पहिल्या शतकातले ग्रीक खलाशाचे टिपण आपल्याकडे पाठ्यपुस्तकातही येते. भडोचपासून वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर; पैठणहून अकीक, तेरहून साधे कापड आणि मलमल भडोचला जाते. दख्खनच्या अर्थकारणाचा कणा कापूस होता, तेव्हा उषवदाताने पैसा विणकरांकडे का ठेवला हे वेगळे सांगायला नको. ते व्याज देऊ शकत होते, कारण त्यांचा माल समुद्रापार जात होता. रोमच्या प्लिनीने भारत दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो म्हणून बोटे मोडली, ती याच सुमारास. पेरिप्लसमध्येच कल्याणची एक नोंद आहे: थोरल्या सातकर्णीच्या काळी ते कायदेशीर बंदर होते, पण पुढे अडथळे आले आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातले युद्ध हे जकातीचेही युद्ध होते.

घाटांच्या तोंडाशी लेणी आणि लेण्यांत व्यापाऱ्यांची दाने, ही जोडी पहिल्यांदा ठामपणे मांडली ती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गणिती माणूस, बौद्ध पंडिताचा मुलगा, पुण्याहून डोंगरवाटा पायी धुंडाळणारा. त्यांच्या मते विहार हे तांड्यांचे मुक्काम, गिऱ्हाईक आणि प्रसंगी भांडवल पुरवणारेही होते. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावे ओळीने येतात, त्याच गावचा एक गंधी दाता आहे, एक सुतार आहे. चैत्याचा मुख्य दाता भूतपाल हा कर्नाटकातल्या वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा, श्रेष्ठी. धेनुकाकट कुठे, यावर कोसंबींनी 1955 मध्ये लेख लिहिला आणि ते कार्ल्याजवळच शोधले. इतरांनी ते आंध्रापर्यंत नेले. ते गाव अजून नकाशावर नक्की बसलेले नाही.

कोसंबींनंतर हिमांशु प्रभा राय यांनी 1986 मध्ये विहार आणि श्रेणी यांच्या नात्यावर पुस्तकच लिहिले. जुन्नरभोवती दीडशेहून अधिक लेणी आहेत आणि तिथे धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले लेणे आहे, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी ठेवी घेताना दिसतात, इरिल आणि चिट असे यवन दाते भेटतात. यवन म्हणून आलेला माणूस प्राकृतात, ब्राह्मी लिपीत, भिक्षुसंघाला पाण्याचे टाके देतो. त्याला इथे कुठल्याही वर्णात जागा नव्हती. दाता म्हणून होती. परमुलखातल्या व्यापाऱ्याला पत लागते, आणि पत मिळवायला सर्वांसमक्ष, दगडावर, सर्वांना मान्य अशा पुण्यकर्मात नाव कोरण्याइतकी चांगली जागा दुसरी कुठली असणार?

याच काळात मनुस्मृतीत व्याजाचा दर वर्णानुसार चढता सांगितला आहे: ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पाच. नाशिकच्या लेखात दोन दर आहेत, पण ते दोन श्रेणींचे दोन दर आहेत. कुणाच्या जन्माशी त्यांचा संबंध नाही. कायदेग्रंथ आणि बाजार यांच्यातले हे अंतर मला सगळ्या तात्त्विक चर्चांपेक्षा बोलके वाटते. समतेचा उपदेश न करताही पैशाने विणकराशी बरोबरीने व्यवहार केला होता.

भिक्षूंनी पैसा हाताळू नये हा विनयातला नियम मग कुठे गेला? वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत सोनेनाणे घ्यावे की नाही हा दहा वादांपैकी एक होता, म्हणजे प्रश्न जुनाच. ग्रेगरी शोपेन या अमेरिकन अभ्यासकाने 1994 मध्ये दाखवले की मूलसर्वास्तिवादी विनयात कायम ठेवीचे पैसे व्याजाने लावायला, दुप्पट तारण घ्यायला, लेखी करार करायला रीतसर परवानगी आहे. नाशिकला पैसा भिक्षूंच्या हातात कधी आलाच नाही, तो श्रेणीकडे राहिला. नियमही पाळला गेला आणि चीवरही मिळाले. पुढे आभीर ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे, तेली यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. राजघराणी बदलली, ठेवीची पद्धत तीच राहिली.

मात्र व्यापाराचा सिद्धान्त जितका सांगितला जातो तितका पुरेसा नाही. ज्यूलिया शॉ यांनी सांचीच्या परिसरात गावोगाव फिरून केलेल्या पाहणीत स्तूपांच्या जोडीला धरणे आणि सिंचनाची व्यवस्था सापडली. म्हणजे विहारांचा पाया शेतीतही होता. आपल्याकडच्या लेखांतही शेत आणि गाव सतत येतात, फक्त अभ्यासक कार्षापणांकडे आधी बघतात. उषवदाताने तर भिक्षूंच्या जेवणासाठी वाराहीपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून 4,000 कार्षापणे मोजून शेत विकत घेतले. राजाच्या जावयाने शेत हिसकावले नाही, किंमत दिली आणि दिल्याचे कोरून ठेवले. चीवराच्या ठेवीपेक्षा या शेताची किंमत दुप्पट.

इथून राज्याच्या हक्काचा प्रश्न सुरू होतो. नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. अश्वमेध, राजसूय आणि इतर वैदिक यज्ञांची यादी, प्रत्येकापुढे दक्षिणा: गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे. समोर राजघराण्याच्या प्रतिमा होत्या. आता फक्त नावे आणि पायांच्या खुणा. कोकणातून देशावर येणाऱ्या बैलांच्या तांड्यांना हे सगळे बघतच वर यावे लागे, आणि घाटमाथ्यावर आजही जकातीचा रांजण दाखवतात. रांजणात खरोखर नाणी टाकत की नाही ते सोडा. व्यापारी वाटेच्या तोंडाशीच यज्ञांची जाहिरात का, याचे उत्तर लोकांनी त्या रांजणात शोधले ते चुकीचे नाही.

दीड-दोनशे वर्षांनी नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणगान करते. शक, यवन, पह्लव यांचा नाश करणारा, नहपानाच्या क्षहरात घराण्याचे नाव पुसणारा, अद्वितीय ब्राह्मण, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा, चार वर्णांचा संकर थांबवणारा. आणि हे सगळे बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर. वर्णसंकर थांबवल्याची बढाई वर्ण न मानणाऱ्यांच्या घरात! पूर्वीचे इतिहासकार याला भारतीय सहिष्णुता म्हणून मोकळे होत. मला त्यात राज्याचे एक शहाणपण दिसते. राजाला ब्राह्मणाकडून वंशाची मान्यता हवी होती, व्यापारी आणि कारागिरांकडून कर हवा होता, आणि त्या दोघांनाही दिसेल असे एक सार्वजनिक ठिकाण हवे होते. लेणे ते ठिकाण होते. त्याच प्रशस्तीत राजा फक्त धर्माने मिळणारेच कर घेई, असेही सांगितले आहे.

कर धर्माने घ्यावा म्हणजे काय, याची बौद्ध कल्पना अग्गञ्ञ सुत्तात आहे: भातशेतीची वाटणी झाली, चोऱ्या सुरू झाल्या, म्हणून लोकांनी एकाला निवडले आणि न्याय करण्याच्या बदल्यात त्याला भाताचा वाटा द्यायचे ठरवले. हा पहिला राजा महासंमत. धर्मसूत्रांतही सहावा हिस्सा हे राजाचे वेतन मानले आहे. दोन्ही परंपरांत राज्य हा मोबदल्याचा व्यवहार आहे. राजाला वाटा मिळतो तो कामाचा. म्हणूनच जमीन दान देताना राजा काय सोडतो याची यादी महत्त्वाची ठरते. नाशिक आणि कार्ल्याच्या दानलेखांत दिलेल्या जमिनीत राजाची माणसे शिरणार नाहीत, कोणी हात लावणार नाही, मीठ खणणार नाहीत, जिल्ह्याचे अंमलदार दखल देणार नाहीत, असे ठरीव सोडवणुकीचे कलम येते. इसवी सन 150 च्या गिरनार लेखात रुद्रदामन सांगतो की सुदर्शन तलावाचा बांध त्याने स्वतःच्या तिजोरीतून दुरुस्त केला, कर, वेठबिगार आणि जबरी वर्गणी न लादता. ही राज्ये आपली लायकी सिद्ध करतात ती आपण कुठे जात नाही हे सांगून. आणि ती यादी उलटी वाचली की इतर सगळ्या गावांत राजाची माणसे शिरत, मीठ खणत, वेठीला धरत, हे आपोआप कळते.

माझ्या मते या साऱ्या लेखांतला सगळ्यात महत्त्वाचा लेख कुठल्याही प्रशस्तीचा नाही, साध्या सरकारी पत्राचा आहे. गौतमीपुत्राने नहपानाला हरवल्यावर, राजवर्ष 18 मध्ये, सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्याला हुकूम पाठवला: पश्चिम काखडी गावातले, आतापर्यंत उषवदाताकडे असलेले 200 निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे पांडवलेण्यांतल्या, भिक्षूंना द्यावे. जिंकलेल्या शत्रूची जमीन संन्याशांना. जोगळटेंभीला 1906 मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुतेकांवर नहपानाच्या मुखवट्यावर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवला आहे, तसाच हा जमिनीवरचा ठसा. पण सहा वर्षांनी, राजवर्ष 24 मध्ये, राजा आणि त्याची आई मिळून श्यामक अमात्याला पुन्हा लिहितात. पूर्वी दिलेले काखडीचे शेत कसले जात नाही, गावात वस्ती उरलेली नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या स्वतःच्या शेतातली 100 निवर्तने द्यावीत.

गाव उठले होते. का, ते पत्र सांगत नाही. युद्धाने, दुष्काळाने, किंवा दोन राजे आणि एक विहार यांच्या ओढाताणीत. सुतार, गंधी, शक उपासिका, यवन, सगळे या लेण्यांत स्वतःच्या नावाने बोलतात. कसणारा कुणबी मात्र क्वचितच काही करताना दिसतो, आणि इथे तो जे करतो ते म्हणजे निघून जाणे. भिक्षूंचे नुकसान राजाने भरून दिले, निम्म्या क्षेत्राने का होईना. काखडीच्या लोकांना कोणी काही दिल्याची नोंद नाही. चारही दिशांच्या संघाला सर्वांची दाने चालत होती. शेत नांगरणाऱ्याचे दान वेगळे मोजायची गरज कुणाला वाटली नाही, ते कराच्या आणि शेतसाऱ्याच्या रूपाने आधीच गोळा झालेले होते.

पुढचा भाग झरझर सांगता येईल, कारण तो बऱ्याच अंशी ठाऊक आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठा पुन्हा गजबजला तेव्हा सोळावे लेणे वाकाटक हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने खोदवले, सव्विसावे अश्मकाच्या मंत्र्याशी मैत्री असलेल्या बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. खांबागणिक वेगळा दाता हा कार्ल्याचा थाट गेला. एकेक लेणे एकेका बड्या असामीचे झाले. रामशरण शर्मांनी 1987 मध्ये नगरांच्या ऱ्हासाशी आणि जमीनदानांशी हे बदल जोडले. ब्राह्मणांना गावेच्या गावे मिळू लागली आणि सोडवणुकीचे ते जुने कलम आता त्या ताम्रपटांत लांबत गेले. शर्मांचा ऱ्हास सरसकट मात्र नव्हता. कान्हेरीला नवव्या शतकातही, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे शिलाहार मांडलिक यांच्या काळात, गौड देशातून आलेला उपासक 100 द्रम्मांची कायम ठेव ठेवतो, आणि 1009 व 1021 मध्ये पारशी पाहुणे तिथे पहलवीत आपली नावे कोरून जातात.

हा प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा उघडला तो बाबासाहेब आंबेडकरांनी. लेण्यांच्या अभ्यासकांच्या यादीत त्यांचे नाव सहसा येत नाही, पण यावे असे मला वाटते. रुपयाच्या प्रश्नावर 1923 मध्ये ग्रंथ लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ, घटनेचा मसुदाकार आणि धम्म स्वीकारणारा उपासक, असे या विषयाचे तिन्ही पदर एका माणसात आले. 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले; त्यामागे कोकणातला तोच कसणारा माणूस होता, जो काखडीच्या पत्रात फक्त गैरहजेरीने दिसतो. 1947 मध्ये संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातीधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना कसायला द्यावी, बी-बियाणे, जनावरे, पाणी, खत यांचे भांडवल राज्याने पुरवावे, म्हणजे ना जमीनदार राहील ना कूळ ना भूमिहीन मजूर, असे कलम त्यांनी सुचवले. संविधानात ते आले नाही. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी भिक्षुसंघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते याची आठवण करून दिली आणि राजकारणात समता, अर्थकारणात विषमता अशा विसंगतीत आपण शिरत आहोत असेही बजावले.

14 ऑक्टोबर 1956 चे नागपूर आणि 1947 चा हा मसुदा आपल्याकडे वेगवेगळ्या कप्प्यांत वाचले जातात. एक धर्मांतर म्हणून, दुसरा फसलेला समाजवाद म्हणून. पण महावग्गातली ती यादी समोर ठेवली की दोन्ही एकाच कामाचे भाग दिसतात. धम्माच्या दारातून ऋणको आणि दास परत फिरवावे लागले, कारण त्यांना सोडवणे संघाच्या हातात नव्हते, राजाच्या हातात होते. आंबेडकरांनी त्यांना सोडवण्याचे काम राज्याकडे सोपवायचे ठरवले, राज्याने ते अर्धवट घेतले, आणि मग आंबेडकर धम्माकडे वळले. नागपूरला ज्यांनी दीक्षा घेतली त्यांत भूमिहीन आणि कर्जदार किती होते, हे तिथे कोणी विचारले नाही.